एका तुकडीच्या आठवणी : संकलनाच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आमच्या माध्यमिक शाळेतील शेवटच्या वर्षाची तुकडी सुमारे ३५ वर्षांनी पुन्हा एकमेकांच्या संपर्कात येत आहे. तिच्या शाळेविषयीच्या आणि गावाविषयीच्या आठवणी शिस्तीने गोळा करून जतन करण्याचे काम आम्ही चौघांनी आजपासून अंगावर घेतले आहे. स्नेहमेळावा व्हायचा तेव्हा होईल. त्याची व्यवस्था दुसरे मित्र पाहत आहेत. आमच्या वाट्याला संग्रह आला आहे. त्यात प्रत्येकाच्या स्वतःच्या आवाजातील किंवा हस्ताक्षरातील आठवणी, जुन्या छायाचित्रांच्या चांगल्या प्रती आणि त्या वयात दिसलेल्या गावाचे चित्र असावे, असे ठरले आहे. गावात कोणता रस्ता केव्हा बांधला हे दप्तरात सापडते, पण त्याच रस्त्याने शाळेत जाणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला तो केवढा वाटत असे, हे कोणत्याही दप्तरात नाही. ते जाणणारी माणसे आज पन्नाशीत आहेत आणि त्यांपैकी काही आता हयात नाहीत, म्हणून या कामाला उशीर करू नये असे मला फार मनापासून वाटते.

या नोंदींत कोणाचेही नाव येणार नाही. प्रत्यक्ष संग्रहात नावे राहतील, पण ज्याची त्याची परवानगी घेऊनच.

११ जानेवारी

यादीचे काम सुरू केले. शाळेकडून हजेरीपटाची प्रत मिळण्यापूर्वी आम्ही चौघांनी एकमेकांना न विचारता, केवळ आठवून तुकडीतील नावे लिहिली. चारही याद्या अपुऱ्या निघाल्या. त्यांतील नावे बाकांच्या क्रमाने आली होती: आधी स्वतःच्या बाकावरचे, मग पुढचे आणि मागचे, मग घरी जाताना सोबत असणारे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसणारे जवळजवळ सगळेच सुटले होते. त्यानंतर शेवटच्या वर्षाचे सामूहिक छायाचित्र समोर ठेवले, तेव्हा मात्र अनोळखी वाटणारे चेहरे फारच थोडे राहिले.

मानसशास्त्रज्ञ हॅरी बाह्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका याच प्रश्नावर आहे. अमेरिकेतील माध्यमिक शाळांतून बाहेर पडलेल्या, १७ ते ७४ वर्षे वयाच्या ३९२ जणांना त्यांनी आपापल्या वर्गमित्रांची नावे आणि चेहरे यांविषयी तपासले होते. शाळा सोडून १५ वर्षे झालेल्या लोकांनीही समोर ठेवलेली नावे आणि चेहरे सुमारे ९० टक्के अचूकतेने ओळखले, आणि चेहऱ्यांची ओळख तर ३५ वर्षांपर्यंत जवळपास तशीच टिकलेली आढळली. कोणताही आधार न देता नावे आठवायला सांगितली असता मात्र कामगिरी कितीतरी कमी पडली. माणूस विसरलेला नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बुजलेली असते. त्यामुळे यादी पूर्ण करण्यासाठी कोणालाही ‘कोण कोण आठवते?’ असे विचारायचे नाही, छायाचित्र दाखवूनच विचारायचे, असे आम्ही ठरवले. आज चौघांचे मिळून छायाचित्रातील तीन ओळी पूर्ण झाल्या. मागची, उभ्या मुलांची ओळ उद्या घ्यायची आहे.

१९ जानेवारी

पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक मिळू लागले आहेत, पण अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्या मित्रांनी ‘मी त्याच्याशी बोलतो’ असे सांगून क्रमांक घेतले, त्यांच्यापैकी अनेकांनी अद्याप निरोप पाठवलेला नाही. यात आळस नाही, संकोच आहे. इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने बोलावे, त्याला आपण आठवत असू का, काही काम काढून आलो असे तर वाटणार नाही ना, असे प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने बोलून दाखवले.

लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दिसते. संपर्क तुटलेल्या जुन्या मित्राला निरोप पाठवण्याची इच्छा होती, क्रमांक हाताशी होता, मजकूर लिहायला वेळही दिला होता, तरी सहभागी झालेल्यांपैकी एकतृतीयांशापेक्षा कमी लोकांनी तो प्रत्यक्ष पाठवला. मात्र ज्यांनी त्याआधी काही मिनिटे आपल्या सध्याच्या मित्रांना निरोप पाठवले होते, त्यांच्यात हे प्रमाण बरेच वाढले. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात याची दुसरी बाजू आहे: अवचित आलेला निरोप समोरच्याला किती आवडतो, याचा अंदाज पाठवणारा माणूस कमीच करतो.

यावरून आम्ही काम वाटण्याची पद्धत बदलली. प्रत्येकाने पहिल्यांदा ज्याच्याशी आजही बोलणे आहे अशा वर्गमित्राशी बोलायचे, आणि त्याच बैठकीत, फोन खाली न ठेवता, दुरावलेल्या मित्राकडे वळायचे. निरोपाचा मजकूर साधा ठेवला: ‘आपण एकाच तुकडीत होतो. शाळेच्या आणि गावाच्या आठवणी गोळा करत आहोत. तुमच्या आठवणी मिळाल्या तर आनंद होईल. लगेच उत्तर द्यायला हवे असे नाही.’ ‘तुम्ही’ने सुरू झालेले बहुतेक फोन दुसऱ्याच मिनिटाला ‘अरे, तू तर मागच्या बाकावरचा ना!’ येथपर्यंत येतात, असा अनुभव सांगणाऱ्यांच्या आवाजात मला जो आनंद ऐकू आला, त्यानेच या आठवड्याचे सारे श्रम फिटले.

२ फेब्रुवारी

बहुतेकांनी होकार दिला. काहींनी उत्तर दिले नाही, आणि एका वर्गमित्राने स्पष्ट शब्दांत कळवले की त्या वर्षांकडे त्याला परत जायचे नाही. त्याचे नाव यादीत राहील, पण त्याला पुन्हा निरोप पाठवायचा नाही, आणि त्याच्याविषयी इतरांनी सांगितलेला मजकूर त्याच्या संमतीशिवाय संग्रहात घ्यायचा नाही. यावर आमच्यात दुमत झाले नाही.

९ फेब्रुवारी

आज पद्धतीवर दीर्घ चर्चा झाली. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पाचे मोल या एका निर्णयावर अवलंबून आहे. दोघांचे म्हणणे असे की सर्वांना एका ग्रुपवर घ्यावे आणि आठवणींचा ओघ सुरू होऊ द्यावा. एकाने एक सांगितले की दुसऱ्याला दुसरे आठवते, आणि गंमतही येते. गंमत येते हे खरेच आहे. परंतु संग्रहासाठी प्रत्येकाची आठवण आधी एकेकट्याने, इतरांचे काही ऐकण्यापूर्वी नोंदवली गेली पाहिजे, असा माझा आग्रह होता, आणि अखेर तोच मान्य झाला.

आग्रहामागे कारणे आहेत. वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ मध्ये दाखवले की एकत्र बसून आठवणाऱ्या तिघांच्या गटाला, स्वतंत्रपणे आठवणाऱ्या तिघांच्या एकत्रित बेरजेपेक्षा कमी आठवते. प्रत्येकाच्या मनात आठवणींची आपली अशी एक मांडणी असते आणि तो त्या क्रमाने चालत असतो. दुसरा मध्येच बोलला की तो क्रम मोडतो आणि पुढचे सुटून जाते. १९७५च्या अभ्यासातील चेहऱ्यांप्रमाणे येथे आधार देऊन भागत नाही, कारण येथे दुसऱ्याने दिलेला आधार त्याच्या वाटेचा असतो, आपल्या वाटेचा नसतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे दाखवले की बोलणारा एखाद्या प्रसंगाचा एक भाग सांगतो आणि त्याला लागून असलेला दुसरा भाग वगळतो, तेव्हा तो वगळलेला भाग ऐकणाऱ्यांनाही पुढे आठवणे कठीण जाते. ग्रुपवर दोन-तीन उत्साही मित्र सतत लिहितात आणि इतर वाचतात. काही महिन्यांनी त्या दोघा-तिघांची शाळा हीच साऱ्या तुकडीची शाळा होऊन बसेल, आणि गप्प राहिलेल्यांकडे जे होते ते त्यांच्या स्वतःच्या मनातूनही पुसट होईल. असे होऊ देणे हा त्या गप्प माणसांवर अन्याय होईल असे मला वाटते. म्हणून क्रम ठरला: आधी एकेकट्याची नोंद, मग दोघा-तिघांच्या बैठका, आणि सर्वांत शेवटी सर्वांचे एकत्र बोलणे. आधीची नोंद नंतर बदलायची नाही. एखाद्याचे मत बदलले तर नव्या तारखेने दुसरी नोंद जोडायची.

२३ फेब्रुवारी

प्रश्नावली तयार झाली. ‘शाळेतल्या आठवणी सांगा’ असे म्हटले की सर्वांकडून त्याच घासून गुळगुळीत झालेल्या गोष्टी येतात. त्याऐवजी आम्ही सुट्या शब्दांची पद्धत घेतली आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ मध्ये स्वतःवरच हा प्रयोग केला होता: एक शब्द पाहायचा आणि त्याबरोबर मनात उमटणारे पहिले स्मरण टिपायचे. १९७४ मध्ये क्रोव्हिट्झ आणि शिफमन यांनी ती पद्धत पुन्हा उपयोगात आणली आणि त्यानंतर आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या अभ्यासात ती रूढ झाली. आमचे शब्द साधे आहेत: खिडकी, पाऊस, चप्पल, खडू, घंटा, कुलूप, सायकल, भिंत. ‘मैत्री’, ‘शिक्षक’, ‘गाव’ असे मोठे शब्द मुद्दाम टाळले, कारण त्यांनी आठवण येण्याऐवजी मत येते.

चाळिशीनंतरच्या माणसाला अशा रीतीने आठवायला सांगितले की साधारण १० ते ३० या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक येतात, हे डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले. पहिल्यांदाच घडणाऱ्या गोष्टींचे ते वय असते. आपण सारे नेमके त्याच वयात एका खोलीत बसत होतो.

८ मार्च

एकेकट्याच्या नोंदी येऊ लागल्या आहेत. ‘घंटा’ या एका शब्दाला आलेली उत्तरे येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

एकाला तो वऱ्हांड्याच्या तुळईला टांगलेला रुळाचा तुकडा आठवतो आणि त्याची खालची कडा सतत ठोकून कशी चकचकीत झाली होती, हे तो सांगतो. वरचा भाग गंजलेला आणि खाली हाताएवढी जागा मात्र आरशासारखी. दुसरीला घंटेचे रूप मुळीच आठवत नाही, परंतु शेवटचा ठोका पडल्यानंतर त्या लोखंडाचा जो बारीक थरथरता आवाज राहत असे, तो तिने तोंडाने काढून दाखवला आणि तो ध्वनिमुद्रणात आला आहे. तिसरा ती घंटा वाजवणाऱ्या शिपाईकाकांच्या उजव्या खांद्याविषयी बोलला. त्यांचा हात पुरता वर जात नसे म्हणून ते बाजूने, खालून वर असा ठोका देत. हे शिपाईकाका इतकी वर्षे आमच्यासमोर होते आणि त्यांच्या खांद्याचे दुखणे फक्त एका मुलाने पाहिले होते. हे तिघे आधी एकत्र बसले असते तर रुळाच्या तुकड्यावर एकमत होऊन विषय तेथेच संपला असता, असे मी खात्रीने म्हणतो.

१६ मार्च

गावाचे नकाशे. नागरी रचनेचे अभ्यासक केविन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतील रहिवाशांशी बोलून, त्यांच्याकडून शहराची रेखाटने करवून घेऊन, माणसाच्या मनातील शहर कशाचे बनते हे १९६० मध्ये मांडले. मार्ग, कडा, परिसर, एकत्र येण्याचे चौक आणि खुणेच्या जागा असे पाच घटक त्यांनी सांगितले. आम्ही सहभागी झालेल्यांना कोरा कागद देऊन घरापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगितली. फोनवरील नकाशा पाहायचा नाही, पट्टी वापरायची नाही, आणि खोडायचे नाही, एवढीच बंधने.

आलेले कागद जमिनीवर मांडून पाहिले तेव्हा आम्ही चौघेही बराच वेळ बोललो नाही. एकाच गावाचे ते नकाशे आहेत हे सांगावे लागेल, इतके ते वेगळे आहेत. चालत येणाऱ्यांच्या कागदावर वाट लांब आहे आणि तिच्यावर झाड, उंबरठा, भुंकणारे कुत्रे, पाण्याचा नळ असे थांबे आहेत. सायकलवरून येणाऱ्यांच्या वाटेत चढ आणि उतार तेवढे ठळक आहेत. नदीपलीकडून येणाऱ्यांच्या साऱ्या नकाशांत पूल कागदाच्या मधोमध आहे. अलीकडे राहणाऱ्यांपैकी अनेकांच्या नकाशांत नदी कोपऱ्यातील एक रेघ आहे, काहींत ती नाहीच. लिंच यांनी ज्याला कडा म्हटले तिचा अर्थ मला या कागदांवरून नीट कळला: जी रेघ एकाच्या दृष्टीने गावाचा शेवट होती, ती दुसऱ्याला रोज दोनदा ओलांडावी लागत होती.

एका वर्गमैत्रिणीच्या कागदावर दोन वाटा आहेत. सरळ वाट तिने तुटक रेघेने काढली आणि लांबून वळसा घेणारी ठळक काढली. विचारल्यावर तिने शांतपणे सांगितले की सरळ वाटेवरच्या कोपऱ्यावर मुले उभी असत, म्हणून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी तीन वर्षे रोज लांबून गेल्या. त्या कोपऱ्याचा उल्लेख मुलांच्या अनेक नकाशांत आहे. तेथे ‘आमचा कट्टा’ असे लिहिलेले आहे आणि त्यांच्या सर्वांत आवडत्या आठवणींपैकी काही तेथल्या आहेत. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही संग्रहात शेजारी शेजारी राहतील. तिच्या परवानगीने तिचा नकाशा आम्ही मुलांपैकी एकाला दाखवला. त्याने तो पुष्कळ वेळ पाहिला आणि आपल्या नोंदीला नव्या तारखेची पुरवणी जोडण्यासाठी वेळ मागितला. तो त्याला दिला आहे.

३० मार्च

पुराचा प्रश्न सुटला, असे म्हणण्यापेक्षा तो अधिक मोलाचा झाला असे म्हणावे लागेल. जवळजवळ साऱ्या नोंदींत असे आले होते की शेवटच्या वर्षी नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, वार्षिक परीक्षा पुढे ढकलली गेली, आणि नदीपलीकडची मुले अलीकडच्या मित्रांच्या घरी राहून परीक्षेला बसली. शाळेने मोठ्या आपुलकीने जुन्या सूचनावह्या पाहू दिल्या. त्यांत पुराची सूचना आहे. वर्गशिक्षकांची सही आणि समास सोडून लिहिलेली तारीखही स्पष्ट आहे. पण ती शेवटच्या वर्षाच्या दोन वर्षे आधीची आहे, आणि त्या वेळी परीक्षा नव्हती. शेवटच्या वर्षीची परीक्षा ठरलेल्या दिवशीच झाली. त्या काळात पूल बंद होता हे खरे, परंतु तो दुरुस्तीसाठी. मुले मित्रांच्या घरी राहिली होती, हेही खरे.

मौखिक इतिहासाचे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादनगरीतील कामगारांच्या आठवणींचे असेच एक उदाहरण अभ्यासले आहे. लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी, उत्तर अटलांटिक करारातील (नाटो) इटलीच्या सहभागाला विरोध करणाऱ्या मोर्चात पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. परंतु अनेक कामगारांनी पुढे तो मृत्यू १९५३ मधील, मोठ्या कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात घडल्याचे सांगितले. पोर्तेल्ली यांनी ही चूक म्हणून बाजूला टाकली नाही. लोकांनी त्या मृत्यूला त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठ्या लढ्याशेजारी का नेऊन ठेवले, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि त्यांच्या कामाचे सारे बळ त्या प्रश्नात आहे.

आमच्या तुकडीनेही तेच केले असावे. पुराने आम्हांला तोडले होते आणि परीक्षेच्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा एकमेकांच्या घरांत झोपलो, एका दिव्याखाली वाचले, एकमेकांच्या आईने वाढलेले जेवलो. दुरुस्तीचे काम हे त्या जवळिकीला शोभणारे कारण नव्हते, म्हणून मनाने पूर आणून तेथे ठेवला. संग्रहात सूचनावहीच्या पानांची छायाचित्रे आणि सर्वांच्या मूळ नोंदी दोन्ही राहतील, आणि कोणाच्याही नोंदीत दुरुस्ती होणार नाही. एका मित्राने तारीख सिद्ध झाल्यावर ‘मग आमचे सगळे खोटे ठरले का?’ असे विचारले. मी त्याला पोर्तेल्लींचे हे काम समजावून सांगितले, आणि त्या रात्री कोण कोणाकडे राहिले होते याची यादी करण्याचे काम त्याच्याकडे दिले. ती यादी आतापर्यंत कोणीच केली नव्हती.

६ एप्रिल

छायाचित्रांचे काम. ग्रुपवर फिरत असलेल्या प्रती उपयोगाच्या नाहीत, कारण निरोपाबरोबर पाठवलेले छायाचित्र ॲप आकाराने लहान करते, पुन्हा दाबून साठवते आणि त्याला जोडलेली तारखेची माहितीही काढून टाकते. मूळ कागदी छायाचित्र स्कॅनरवर ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ स्वरूपात, पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी घ्यायचे, हा नियम ठेवला आहे. फाइल पाठवायची झाल्यास ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून छायाचित्र ओढून काढायचे नाही; निघत नसेल तर पानासकट स्कॅन करायचे. मागे लिहायचे असल्यास मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. रंग उडून तांबूस झालेल्या छायाचित्रांची मूळ प्रत तशीच ठेवून सुधारणा फक्त दुसऱ्या प्रतीत करायची.

मागची बाजू स्कॅन करण्याचा लाभ आजच झाला. एका सहलीच्या छायाचित्रामागे बारीक अक्षरात नावे आहेत, आणि त्यांत छायाचित्रात न दिसणाऱ्या एका मुलीचे नाव आहे. पुढे कंसात ‘फोटो हिने काढला’ असे लिहिलेले आहे.

२० एप्रिल

सामूहिक छायाचित्रावरून यादी करण्याचा निर्णय योग्य होता, परंतु त्या छायाचित्रात तुकडी पूर्ण नाही, ही गोष्ट आता अधिक प्रकर्षाने जाणवते. त्या दिवशी गैरहजर असलेले आहेत. शेवटच्या वर्षापूर्वीच नापास होऊन मागे राहिलेले आहेत. वडिलांची बदली होऊन गेलेले आहेत. आणि घरच्या परिस्थितीमुळे शाळाच सुटलेले आहेत. त्यांचा शोध सर्वांत कठीण गेला, कारण त्यांच्याशी कोणाचाच संपर्क राहिला नव्हता आणि तो का राहिला नाही याचे उत्तर आम्हा सर्वांना ठाऊक आहे.

अशी एक वर्गमैत्रीण भेटली. तिने विचारले, ‘मला तुमच्या तुकडीत धरता का?’ माझ्या सहकारी मैत्रिणीने तिला सांगितले की आम्ही पाच वर्षे एकत्र होतो आणि त्यांतली तीन तू होतीस, तेव्हा धरण्याचा प्रश्नच येत नाही. तिची नोंद या संग्रहातील सर्वांत लांब नोंदींपैकी एक आहे. शाळा सुटल्यावर ती कामाला जाऊ लागली, आणि कामाची वाट शाळेवरूनच होती. वर्ग चालू असताना शाळा बाहेरून कशी दिसते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही; तिला माहीत आहे. कोणत्या खोलीतून पाढ्यांचा आवाज येत असे, कोणत्या खिडकीत कोणता मुलगा बाहेर पाहत बसलेला असे, प्रार्थना संपायच्या आत ती कोणत्या झाडापर्यंत पोहोचत असे, हे सारे तिने क्रमवार सांगितले. खिडकीत बसणाऱ्या त्या मुलाला, म्हणजे आजच्या पन्नाशीतल्या माणसाला, तिची परवानगी घेऊन हे कळवले. तो तिला भेटायला जाणार आहे.

४ मे

गुण आणि शिक्षा या दोन विषयांवरच्या नोंदी वेगळ्या काढल्या. दोन्हींत तारतम्य लागते. बाह्रिक यांनीच १९९६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना माध्यमिक शाळेतील श्रेणी आठवायला सांगून त्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडल्या होत्या. सर्वोच्च श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवल्या, तर खालची ‘डी’ श्रेणी केवळ २९ टक्के वेळा, आणि बहुतेक चुका श्रेणी वाढवून सांगण्याच्या होत्या. डॅनियल ऑफर यांचा २००० मधील अभ्यास याहून विचार करायला लावणारा आहे. १४ व्या वर्षी ज्या ६७ मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यांनाच ४८ व्या वर्षी त्या काळाविषयी पुन्हा विचारले, तेव्हा घर, पालक, शिस्त, भावना यांविषयीची त्यांची उत्तरे मूळ उत्तरांशी नशिबाने जुळावीत इतपतच जुळली.

म्हणून शिक्षकांविषयी कडू आठवण आली तर ती सांगणाऱ्याच्या शब्दांत ठेवायची, पण शिक्षकाचे नाव संग्रहाच्या वाचनप्रतीत द्यायचे नाही. ऋणाची आठवण असेल तर नाव द्यायचे. मार खाल्लेल्या मुलाची आठवण मात्र कोणीही ‘तेव्हा असेच चालायचे’ म्हणून बाजूला सारायची नाही. या मुद्द्यावर मी ठाम आहे.

१८ मे

एकेकट्याच्या नोंदी आणि लहान बैठका झाल्यानंतर आज सर्वांचे एकत्र बोलणे झाले. जे प्रत्यक्ष येऊ शकले ते समोर, बाकीचे पडद्यावर. आधीच्या श्रमांचे फळ येथे दिसले. कोणी जोरात बोलला म्हणून दुसऱ्याची आठवण बुडाली नाही, कारण ती आधीच कागदावर होती आणि सांगणाऱ्याला ते ठाऊक होते. ‘मी तर असे लिहिले आहे’ हे वाक्य आज पुष्कळ वेळा आले आणि दर वेळी सर्वांनी थांबून ऐकले. समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडले होते की आपण आठवतो ते आपल्या गटाच्या चौकटीत राहून आठवतो, आणि गट विखुरला की आठवणीही दुबळ्या होतात. आज याची उलट बाजू पाहिली. पुलाचे कठडे कोणत्या रंगाचे होते हे वेगवेगळे विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नव्हते. आज नदीपलीकडचे तिघे बोलता बोलता, एकाने कठड्यावरचा हात, दुसऱ्याने हाताला लागलेला रंग आणि तिसरीने गणवेशावर पडलेला डाग असे सांगत हिरव्यापर्यंत पोहोचले.

वळशाच्या वाटेचा नकाशा काढणारी वर्गमैत्रीण आणि कोपऱ्यावर उभा राहणारा मित्र दोघेही आले होते. त्याने आपली पुरवणी सर्वांसमोर न वाचता तिच्या हातात दिली. ती संग्रहात घ्यायची की नाही, हे ती ठरवील.

१ जून

साठवणुकीची व्यवस्था. ऑर्कुट हे मित्रांना जोडणारे संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. शाळासोबत्यांना भेटवण्यासाठीच ब्रिटनमध्ये २००० मध्ये निघालेले फ्रेंड्स रीयुनायटेड २०१६ मध्ये बंद झाले. तेथे लोकांनी लिहिलेले पुष्कळसे त्यांच्याबरोबर गेले. म्हणून हा संग्रह कोणत्याही एका ॲपवर किंवा संकेतस्थळावर अवलंबून ठेवायचा नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा सर्वमान्य नियम पाळला आहे. ध्वनिमुद्रणे वेव्ह स्वरूपात, लेखी नोंदी पीडीएफमध्ये आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्येही, आणि नकाशांचे मूळ कागद आम्लविरहित पाकिटांत ठेवले आहेत. फाइलच्या नावात तारीख आणि नोंदीचा क्रमांक आहे, व्यक्तीचे नाव नाही. कोणालाही आपली नोंद केव्हाही मागे घेता येईल. एका मित्राने आपले ध्वनिमुद्रण मागे घेतले आणि ते तिन्ही प्रतींतून काढले आहे.

वाचनप्रत शाळेच्या ग्रंथालयाला पुढील महिन्यात देऊ. आमच्यानंतरच्या दोन तुकड्यांनी प्रश्नावली मागितली आहे. ती पाठवताना नकाशाचा कोरा कागद सोबत जोडला, आणि एकेकट्याच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत ग्रुप सुरू करू नये, अशी विनंती पहिल्याच ओळीत लिहिली आहे.